मातीतील मुदत ठेव

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका जुन्या स्नेह्यांचे चिरंजीव सायंकाळी घरी आले. त्यांच्याकडे तीन पिढ्यांचा कापूस आणि सरकीचा व्यापार. त्याखेरीज यवतमाळ जिल्ह्यात वडिलोपार्जित ४० एकर काळी जमीन. हातात वीसेक पानांचा करारनामा होता. तो माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर कर्जाची कागदपत्रं तपासलीत. यावर सही करू की नको, तेवढं सांगा."

करार जमिनीतील कर्बाचा, म्हणजेच कार्बनचा होता. एका कंपनीने सुचवलेल्या पद्धतीने शेती करावयाची, त्यामुळे मातीत जो सेंद्रिय कर्ब वाढेल त्याची कार्बन क्रेडिट्स ती कंपनी बाजारात विकणार आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा जमीनमालकाला देणार. माती परीक्षणाच्या अहवालात त्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के होता. पाच वर्षांत तो १ टक्क्यावर जाईल, असा अंदाज करारात नोंदवलेला होता. इथवर ठीक होते. मात्र चौदाव्या पानावर एक कलम होते : साठवलेला कर्ब २५ वर्षे जमिनीतच राहील याची हमी मालकाने द्यावयाची, आणि तो घटल्यास घेतलेली रक्कम परत करावयाची.

हमीपत्र म्हटले की निवृत्त झालेला बँक अधिकारीही सावध होतो. ज्या मालाची हमी द्यावयाची तो कोठे ठेवला आहे, त्याला कुलूप कोणते आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे पाहिल्यावाचून आम्ही कधी सही केली नाही. येथे माल म्हणजे कर्ब आणि वखार म्हणजे माती. या वखारीविषयी मला काहीही ठाऊक नव्हते, हे मात्र मनाला लागले. कारण नोकरीच्या आरंभी त्याच जिल्ह्यात तीन वर्षे मी पीककर्जे मंजूर केली होती. सातबारा पाहिला, विहीर पाहिली, बैलजोडी पाहिली, बोजा चढवला. मातीत कर्ब किती, हा प्रश्न एकाही अर्जदाराला विचारला नाही. त्यांना मी दोन महिन्यांची मुदत मागितली आणि वाचनाला बसलो.

प्रथम व्याप्ती पाहू. जगभरातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणात आज तो ८७० अब्ज टनांच्या आसपास आहे, आणि भूतलावरील सर्व वृक्ष-वनस्पतींत मिळून सुमारे ४५० अब्ज टन. म्हणजे हवा आणि झाडे या दोहोंच्या बेरजेहूनही पायाखालची शिल्लक मोठी. शेती सुरू झाल्यापासूनच्या सुमारे बारा हजार वर्षांत मानवाने या शिलकीतून शंभर अब्ज टनांहून अधिक कर्ब काढून घेतला, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. काढलेली रक्कम अंशतः तरी परत भरता येईल, या विचारावरच हा नवा व्यापार उभा आहे. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सने मातीतील कर्ब दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढवण्याचे आवाहन केले, तेव्हापासून या विचाराला जोर आला.

आता ही शिल्लक राहते कशी? माझ्या पेशाच्या भाषेत सांगावयाचे तर मातीत दोन खाती असतात. एक चालू खाते. पालापाचोळा, मुळांचे तुकडे, शेणखतातील काडीकचरा या खात्यात जमा होतो आणि काही महिन्यांत किंवा काही वर्षांत हवेत निघून जातो. दुसरे खाते मुदत ठेवीचे. यातील कर्ब मातीच्या खनिज कणांना घट्ट चिकटलेला असतो आणि तो दशके, शतके, कधी कधी सहस्रकेही टिकतो. बहुतेक शेतजमिनींत एकूण सेंद्रिय कर्बाचा निम्म्याहून अधिक भाग या दुसऱ्या खात्यात असतो.

येथे मला माझी एक समजूत सोडावी लागली. जे कठीण ते मातीत टिकते आणि जे मऊ ते कुजते, असे मी धरून चाललो होतो. शास्त्रज्ञही दीर्घकाळ असेच काहीसे मानत : सेंद्रिय पदार्थ कुजता कुजता त्यातून ह्यूमस नावाचे अवघड, न पचणारे द्रव्य तयार होते आणि तेच टिकते. २०१५ साली योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर या दोन शास्त्रज्ञांनी नेचर नियतकालिकात या कल्पनेचा सविस्तर प्रतिवाद केला. त्यांचे म्हणणे असे की मातीत सर्व द्रव्ये अखंड लहान लहान होत जातात. ती टिकतात की नाही हे त्यांच्या कठीणपणापेक्षा त्यांना आश्रय कोठे मिळतो यावर अधिक ठरते. जिवाणू आणि बुरशी पालापाचोळा खातात, त्यातील बराचसा कर्ब श्वासावाटे सोडतात, उरलेला स्वतःच्या शरीरात घालतात आणि मरतात. त्यांचे मृत अवशेष व स्राव साध्याच द्रव्यांचे असतात; पण ते एखाद्या खनिज कणाला चिकटले की दुसऱ्या जिवाणूच्या हाती सहजासहजी लागत नाहीत.

हे खनिज कण किती सूक्ष्म असतात! मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान कणांना शास्त्र चिकणमाती म्हणते. आपल्या काळ्या मातीतील प्रमुख खनिज स्मेक्टाइट. पत्त्यांच्या कॅटप्रमाणे अतिपातळ थर एकावर एक रचलेले असावेत, तशी त्याची रचना असते. या सर्व थरांचे पृष्ठभाग मोजले तर एका ग्रॅममध्ये ७०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साडेसात हजार चौरस फुटांच्या आसपास क्षेत्रफळ भरते. बाजारपेठेत एवढ्या जागेच्या गाळ्याला काय पडेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा! अर्थात ही सारी जागा कर्बाच्या उपयोगी पडत नाही. थरांच्या आतल्या फटी फार अरुंद असतात. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ साली अतिसूक्ष्म छायाचित्रणाने दाखवले की दृश्य खनिज पृष्ठभागाच्या एक-पंचमांशाहूनही कमी भागावर सेंद्रिय द्रव्य बसलेले होते, आणि तेही जेथे कण खडबडीत, कंगोरेदार होते तेथेच.

चिकटण्याची रीतही एक नाही. चिकणमातीच्या पृष्ठावर ऋण विद्युतभार असतो आणि सेंद्रिय द्रव्यावरही बहुधा तोच. समान भार एकमेकांना दूर लोटतात. अशा वेळी धनभारित कॅल्शियम दोघांच्या मध्ये उभा राहून दोहोंचा हात धरतो. (बाजारात ही भूमिका अडत्याची!) लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना मध्यस्थ लागत नाही, ती सेंद्रिय आम्लांशी थेट रासायनिक बंध जोडतात. शिवाय असे अनेक कण एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनतात. त्यांच्या आतील छिद्रांत जिवाणू शिरू शकत नाही, प्राणवायूही जेमतेम पोचतो.

खनिजांचा हा अधिकार किती मोठा, हे हवाई बेटांवरील एका अभ्यासाने स्पष्ट झाले. मला तो सर्वांत अधिक भावला, कारण त्यात हिशेबनीसाची शिस्त आहे. ही बेटे एकामागून एक ज्वालामुखीतून निर्माण झाली, त्यामुळे त्यांच्या मातीचे वय निरनिराळे आहे : कोठे ३०० वर्षे, कोठे २० हजार, कोठे दीड लाख आणि काउआई बेटावर ४१ लाख वर्षे. संशोधकांनी अशी ठिकाणे निवडली की जेथे मूळ खडक तोच, पाऊस जवळपास तेवढाच, उष्णतामान तेच आणि ओहिया नावाचा मुख्य वृक्षही तोच. फरक काय तो खनिजांच्या वयाचा. मार्गारेट टॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या दीड लाख वर्षांत खडक झिजून अनियमित रचनेची, स्फटिकरूप न झालेली खनिजे वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर मातीतील कर्बही वाढत गेला. पुढे हीच खनिजे हळूहळू सुबक स्फटिकांत रूपांतरित झाली, त्यांची चिकटून धरण्याची शक्ती घटली आणि पुढील चाळीस लाख वर्षांत कर्ब निम्मा झाला. झाडे तीच, पाऊस तोच. तिजोरी बदलली तशी ठेव बदलली.

हवाईचा खडक बेसाल्ट आहे. दख्खनचाही तोच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरून आपले पठार झाले, आणि त्या एकाच खडकातून पावसाच्या मानाने दोन परस्परभिन्न माती तयार झाल्या. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात धुवांधार पावसाने कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून नेले, मागे लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली आणि जांभा झाला. विदर्भ-मराठवाड्याच्या कमी पावसाच्या सपाट प्रदेशात कॅल्शियम-मॅग्नेशियम जागीच राहिले आणि स्मेक्टाइटने भरलेली काळी कापसाची जमीन झाली. तिच्यात निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा असणे नवलाचे नाही. कर्ब धरण्याची सर्व साधने तिच्याजवळ आहेत : सूक्ष्म कण, अफाट पृष्ठभाग, विपुल कॅल्शियम.

आणि तरीही आमच्या स्नेह्यांच्या जमिनीचा आकडा ०.४! मृद आरोग्य पत्रिकेच्या प्रचलित निकषांनुसार ०.५ टक्क्यांखालील सेंद्रिय कर्ब कमी समजतात, ०.७५ च्या वरचा अधिक. काळा रंग पाहून आपण ती जमीन कसदार मानतो. पण तो रंग थोड्याशा सेंद्रिय द्रव्याच्या चिकणमातीशी झालेल्या घट्ट संयोगानेही येतो. काळेपणा हा शिलकीचा पुरावा नव्हे. तिजोरी प्रशस्त, आत रक्कम तुटपुंजी, अशी ही अवस्था आहे. कारणे सर्वांना दिसण्यासारखी आहेत. उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन तापते, वारंवार नांगरट आणि वखरणीने मातीचे गोळे फुटून आतला कर्ब जिवाणूंपुढे उघडा पडतो, पऱ्हाटी चुलीत जाते किंवा बांधावर जाळली जाते, शेणाच्या गोवऱ्या होतात. भरणा नाही, उचल मात्र चालू.

नागपूर येथे मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. कोरड्या हवेत काळ्या मातीत चुनखडीचे कण तयार होत राहतात. चुनखडीतही कर्ब असतोच, त्यामुळे हीसुद्धा साठवण असे वाटेल. परंतु ही चुनखडी पुष्कळदा जमीन बिघडत चालल्याचे चिन्ह असते : सेंद्रिय कर्ब उतरत आहे, पाणी मुरणे कमी होत आहे. ताळेबंदात आकडा वाढतो आणि धंदा मात्र बसत जातो, त्यातला हा प्रकार.

मग ठेव भरता येते का? येते, आणि याचा सर्वांत जुना पुरावा एका व्यापाऱ्याच्या शेतावर आहे. इंग्लंडमधील जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट या खताचे पेटंट घेतले, कारखाना काढला आणि १८४३ पासून रोथॅमस्टेड येथील आपल्या जमिनीवर जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने प्रयोग सुरू केले. स्वतःच्या खताचीही परीक्षा त्यांनी त्या शेतात लावली. पुढे खताचा व्यवसाय तीन लाख पौंडांना विकला आणि प्रयोग अखंड चालावेत म्हणून एक लाख पौंडांचा न्यास केला. ते प्रयोग आजही चालू आहेत. १८४३ पासूनच्या मातीचे, धान्याचे व खतांचे नमुने तेथे जपून ठेवलेले आहेत. त्यांची संख्या आता सुमारे तीन लाख आहे. व्यापारी मनुष्य वह्या जपतो, या गृहस्थांनी माती जपली.

त्या शेताच्या एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडत आले आहे. तेथील कर्ब शेजारच्या खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. आरंभीच्या दशकांत वेगाने, नंतर मंदगतीने, कारण खनिजांची जागा भरत जाते तशी नवी ठेव सामावणे अवघड होते. पण मला अधिक बोलके वाटले ते जवळच्या जवाच्या शेतातील एक वाफ्याचे उदाहरण. तेथे १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत घातले आणि मग कायमचे थांबवले. शंभराहून अधिक वर्षांनीही त्या वाफ्यात कधीच खत न दिलेल्या वाफ्यापेक्षा कर्ब जास्त आढळला. मुदत ठेव ती हीच.

मात्र तिजोरी अभेद्य नाही. वनस्पतींची मुळे ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये सोडतात. ही आम्ले खनिजांचे बंध सोडवून त्यांनी धरलेला कर्ब मोकळा करू शकतात आणि मग जिवाणू तो खातात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. जमिनीत पाणी तुंबले तर प्राणवायूअभावी लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांच्याशी बांधलेला कर्ब सुटतो. खोल नांगरट तर आहेच. म्हणजे २५ वर्षांच्या हमीची किल्ली मालकाच्या खिशात आहेच असे नाही. थोडी ती पावसाच्याही हाती आहे.

एवढे वाचून झाल्यावर मी पुन्हा करारनामा उघडला आणि आकडेमोडीला बसलो. एक एकर जमीन, एक फूट खोली : सुमारे १,६०० टन माती. सेंद्रिय कर्ब ०.४ वरून १ टक्क्यावर न्यावयाचा म्हणजे एकरी साडेनऊ टनांच्या वर कर्ब वाढावयास हवा. खनिजांना चिकटणारे द्रव्य मुख्यतः जिवाणूंचे अवशेष असल्यामुळे त्यात नत्र भरपूर असते. दर १० ते १२ भाग कर्बामागे १ भाग नत्र. या प्रमाणाने एकरी ८०० ते ९५० किलो नत्र त्या कर्बाबरोबर मातीत अडकून पडले पाहिजे. पाच वर्षांत विभागले तर दरवर्षी १६० ते १९० किलो. आपल्याकडे कापसाला एकरी पन्नास-साठ किलो नत्र देतात, आणि ते पिकासाठी असते. नुसत्या पऱ्हाटीच्या भुशाने कर्ब वाढला तरी तो चालू खात्यात राहणार, चार हंगामांत उडून जाणार, आणि हमी मात्र २५ वर्षांची!

शेणखताने भरपाई करू म्हटले तर रोथॅमस्टेडचा दर एकरी १४ टन पडतो. ४० एकरांना दरवर्षी ५६० टन. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा पांजरपोळांशी संबंध आहे, म्हणून तोही हिशेब केला. एका जनावराचे दिवसाला दहा किलो ताजे शेण धरले तर दीडशेहून अधिक जनावरांचे वर्षभराचे शेण एकट्या या जमिनीला लागेल, आणि शेणाचे खत होईपर्यंत वजन घटते ते निराळेच. शिवाय त्या जनावरांचा चारा ज्या शेतातून आला, त्या शेताचा कर्ब येथे आला, एवढेच घडले. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत रक्कम वळती केली म्हणून बँकेच्या एकूण ठेवी वाढत नाहीत.

मोजमापाचे कलमही मला अपुरे वाटले. करारानुसार वरच्या १५ सेंटिमीटर मातीचाच नमुना घ्यावयाचा होता. नांगरट बंद केली की वरच्या थरात कर्ब वाढलेला दिसतो, पण पुष्कळ ठिकाणी खालच्या थरात तो तेवढाच घटलेला असतो. दोन्ही खाती वेगळी मोजण्याची रीत अवघड नाही : माती द्रावणात घुसळून तिचे गोळे मोकळे करावयाचे आणि ५३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढावयाची, चाळणीवर राहते ते चालू खाते, खाली जाते ती मुदत ठेव. करारात या चाचणीचा उल्लेख कोठेच नव्हता.

मी चिरंजीवांना सांगितले, "सही करू नकोस असं मी म्हणत नाही. काळ्या जमिनीत जागा आहे, आणि कर्ब वाढला तर क्रेडिट विकलं जावो न जावो, तुझ्या जमिनीचा कस वाढेल, पाणी धरलं जाईल. पण हे हमीचं कलम असंच ठेवून सही करू नकोस."

त्यांनी कंपनीला पत्र पाठवले. नमुने ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्यावेत, खनिजांना बांधलेला कर्ब स्वतंत्र मोजावा, पाच वर्षांचे उद्दिष्ट कमी करावे आणि अतिवृष्टी किंवा दुष्काळाने झालेली घट हमीतून वगळावी. पहिली मागणी मान्य झाली आहे. उरलेल्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

दरम्यान त्यांनी यंदा पऱ्हाटी जाळली नाही, यंत्राने कुट्टी करून जमिनीवर पसरली, आणि कापसाच्या ओळींत तूर घेतली. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र फुकट बांधतात. रोथॅमस्टेडची हकिकत सांगितली तेव्हा ते काही बोलले नव्हते. परवा त्यांच्या पेढीवर गेलो, तर गादीमागच्या फळीवर आजोबांच्या काळच्या रोजमेळाच्या वह्यांशेजारी सहा काचेच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. आत काळी माती होती. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी : गट क्रमांक, खोली, तारीख, आणि पुढे ०.४.